श्वासाची जागा

गाणाऱ्यांची ती मंडळी बंद पडली. वाजवणारे पांगले, ढोल भंगारवाल्यालाही नकोसा झाला आणि शेपट्याने गाणं कायमचं सोडलं. पण हे काही झालंच नाही असं धरून आपण सभागृहाच्या मागच्या खोलीत जाऊ. तिथे शेपट्या आरशासमोर उभा राहून तोंड उघडायचा आणि मिटायचा सराव करतोय.

"काका, घसा बसलाय का?" पुतणीने विचारलं.

"घसा ठणठणीत आहे गं. जागा सापडत नाहीये."

मंडळीची रीतच तशी होती. दादाने ओळ म्हणायची, शेवटच्या शब्दाआधी थांबून भरघोस श्वास घ्यायचा आणि तो शब्द धाकट्या भावाने, म्हणजे शेपट्याने, वरच्यावर झेलायचा. शेपट्याला शेकडो गाणी येत, पण फक्त त्यांची टोकं. लग्नानंतर बायकोने हौसेने गायला सांगितलं, तर त्याने चार शब्द म्हटले आणि पाणी मागितलं. ती बरेच दिवस समजत होती की गाणं अजून सुरू व्हायचंय.

तरी लोक मंडळीवर जीव टाकत. नव्या पुलाच्या उद्घाटनाला ते गायले आणि पूल खचल्यावर लोकांच्या सांत्वनालाही तेच गायले. गाणं एकच. वन्समोअर दोन्हीकडे.

मग दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, गळ्याला भोक राहिलं. दादाची मुलगी, म्हणजे हीच पुतणी, पुढे गायला उभी राहिली. ती क्लासला शिकलेली. ओळ सुरू केली की संपवूनच सोडायची. शेपट्याचं तोंड प्रत्येक वेळी गाडी चुकलेल्या माणसासारखं उघडंच राहायचं.

"आज जमलं तर जमलं," मंडळीचा ढोलवाला खोलीत डोकावून म्हणाला. "नाहीतर पुढच्या दौऱ्याला तुझ्या सीटवर ढोल बसवणार. त्याला बडवलं की निदान आवाज तरी येतो."

"काका, मी शेवटचा शब्द सोडते," पुतणी म्हणाली. "तुम्ही घ्या."

पडदा उघडला. पुतणीने ओळ म्हटली आणि ती थांबली. सभागृह थांबलं. शेपट्याही थांबला.

दुसऱ्या ओळीलाही तेच. कुणीतरी खोकलं.

"काका, घ्या ना!" ती दातओठ खाऊन कुजबुजली.

"घेऊ कसा? श्वास कुठाय?"

हे माइकवर गेलं. लोक पोट धरून हसले. ढोलवाल्याने डोळे मिटून घेतले.

पहिल्या रांगेत दादा गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. त्याने मफलर सोडला. पुतणीने भीतभीत पुन्हा ओळ म्हटली, थांबली आणि दादाने श्वास ओढला. गळ्याच्या भोकातून बारीक, कापरी शिट्टी आली. ती विरायच्या आत शेपट्याचा शब्द उमटला होता, त्याला न विचारताच.

पुढचं सगळं तसंच झालं. ओळ मुलीची, श्वास बापाचा, शब्द काकाचा. लोकांनी वन्समोअर दिला. दादाला धाप लागली होती. शेपट्याने मानेनेच 'नको' म्हटलं. दादाने हात हलवला, होऊन जाऊ दे.

पंधरवड्याने दादा गेला. डॉक्टर म्हणाले, गाण्याचा काही संबंध नाही. शेपट्याने पटल्यासारखी मान डोलावली.

"काका, मी घेते ना मोठ्याने श्वास," पुतणी म्हणाली. तिने घेतला. चांगला होता, पण शेपट्याचं तोंड उघडंच राहिलं.

मग तो सभागृहाच्या कचेरीत त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकायला गेला. ओळ आली, मग शांतता, मग आपोआप त्याचा शब्द.

"मधे कसलीतरी शिट्टी येत होती," रेकॉर्डिंगवाला खुशीत म्हणाला. "सगळी काढून टाकली. कसं स्वच्छ वाटतंय बघा!"

"आणि मूळचं?"

"ते पुसलं. जागा अडवत होतं."

शेपट्याने तिथेच कागद मागून घेतला.

मा. व्यवस्थापक यांस,

विषय : काढून टाकलेला श्वास परत बसवून मिळणेबाबत.

महोदय, आमच्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातून प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधीचा आवाज बिघाड समजून काढण्यात आला आहे. सदर आवाज हा बिघाड नसून आमचे ज्येष्ठ गायक आहेत. संबंधित गायक फेरमुद्रणासाठी उपलब्ध होऊ शकत नाहीत. तरी सदर श्वास होता त्या जागी परत बसवून मिळावा, ही नम्र विनंती.