कुलूप लावताना पकडलेला चोर

चावीवाल्याला पकडलं ते कुलूप उघडताना नव्हे, लावताना. उघडलेलं दार तसंच टाकून जायचं नाही, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. तिनेच घात केला.

दुपारी गल्लीतली वीज गेली होती. पत्र्याचं घर तव्यासारखं तापलेलं. असला उन्हाळा पूर्वी दहा वर्षांतून एकदा यायचा, आता दरसाल मुक्कामालाच येतो. सुनेचं वीस दिवसांचं बाळ रडायचंही थांबलं, तेव्हा चावीवाला उठून बाहेर आला.

समोर सरकारी सभागृह. सुट्टीमुळे बंद, पण जनरेटरवर एसी चालू. नव्या गालिच्याला कुबट वास येऊ नये म्हणून! रखवालदार म्हणाला, "साहेबांची परवानगी आणा." साहेब गेले होते थंड हवेच्या ठिकाणी.

रखवालदार जेवायला गेला आणि चावीवाल्याने दीड मिनिटात कुलूप उघडलं. बाळ, बाळंतीण, शेजारच्या तीन म्हाताऱ्या आत बसल्या. तासाभराने बाळाने भोकाड पसरलं. एक म्हातारी म्हणाली, "रड रे राजा, कान निवले!" सगळ्या घरी गेल्या. हा कुलूप लावत राहिला, आणि सापडला.

चौकीत हवालदार घामाने निथळत होता. "या महिन्यात नळावर अकरा मारामाऱ्या, त्यात एकदा चाकू. ऊन माणसांना पिसाळवतंय, काका. आता तुम्हीही?"

"मग तसं लिहा की. उन्हामुळे."

"उन्हाला रकाना नाही. 'कारण' म्हणून 'चोरीचा उद्देश' लिहिलंय. करा सही."

"काय चोरलं मी? गालिच्याच्या वाट्याची गार हवा?"

"डोकं तापवू नका. कुलूप आधीच उघडं होतं म्हणा, सोडतो. रखवालदारावर शेकेल, तुमचं काय जातंय?"

चावीवाला उसळला. "त्या गरिबाच्या पोटावर पाय देऊ? कुलूप मी उघडलं! चार वर्षं अर्ज करतोय आम्ही, दुपारी सभागृह उघडं ठेवा म्हणून. अर्ज करणारा मूर्ख, कुलूप उघडणारा चोर. आणि लेकरू भाजत असताना गालिचा गार ठेवणारा कोण? त्याचा रकाना दाखवा मला!"

हवालदाराने घाम पुसला. मग 'चोरीचा उद्देश' खोडून लिहिलं, 'उन्हाने बाळ दगावेल या भीतीने.' चावीवाल्याने अक्षरांवर बोट ठेवून वाचलं आणि सही केली.

"जाऊ आता?"

"कसं जाल? गुन्हा तर आहेच."

"आणि साहेबाचा?"

"ते सुट्टीवर आहेत, काका."

"येऊ द्या," चावीवाला बाकावर मांडी ठोकून बसला. "माझी तक्रार लिहायला घ्या तोवर."