चौथीच्या बदल्यात बारावी

आमच्या घरात चौथी, पाचवी, बारावी म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. त्या रेकॉर्ड. काजळ्याच्या. काजळ्या म्हणजे रॉक गायक, डोळ्यांत काजळ घालून स्टेजवर उड्या मारायचा. हे नाव मी ठेवलेलं. आमचे हे त्याला ‘गुरू’ म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान, छापखान्यातून रिटायर झालेले मशीनमन. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, माणूस शांत आहे, व्यसन नाही, चला, सुटले. पहिल्याच रविवारी ह्यांनी स्पीकर लावले आणि मला कळलं की सवत आधीपासूनच घरात आहे, आणि तिला दाढी आहे.

काजळ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. जायच्या आधी त्याने शेवटचा दौरा केला होता, बारा गावांत बारा कार्यक्रम. आजारी होता. गावागणिक घसा जात होता आणि समोर बसलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता. तो गेल्यावर त्याच्या साथीदारांनी ते बाराही कार्यक्रम एकेक करून रेकॉर्डवर काढले. लिमिटेड एडिशन! मोजक्या प्रती, प्रत्येकीवर हाताने घातलेला नंबर, संपली की संपली, पुन्हा काढायची नाही. नवी आली की रेकॉर्डच्या दुकानात हे आणि ह्यांच्यासारखेच चार वेडे सकाळपासून जाऊन उभे. केस पिकलेली माणसं, पण चेहरे असे की आईने जत्रेला न्यायचं कबूल केलंय.

ह्या मंडळींचा आपसात एक नियम होता. दौरा क्रमानेच ऐकायचा. मागची ऐकल्याशिवाय पुढचीचं सील फोडायचं नाही. मी एकदा विचारलं, असं का, गाणी तर तीच ना? तर हे म्हणाले, “गाणी तीच, माणूस तो नाही. तो कसा थकत गेला ते ओळीने ऐकायचं असतं. मधली गाळून पुढची ऐकायची म्हणजे आजारपणात एकदा विचारपूस करायची नाही आणि थेट मयताला जाऊन उभं राहायचं.” कपाळ माझं.

आणि नेमकी चौथी आमच्याकडे नाही.

चौथी आली त्या आठवड्यात माझं पोटाचं ऑपरेशन होतं. हे माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते, जेवायलासुद्धा हलत नव्हते. दुकानदाराने ह्यांची प्रत दोन दिवस बाजूला ठेवली, मग दिली दुसऱ्याला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. पण इतक्या वर्षांत ह्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुझ्यापायी चौथी गेली. एकदा तरी म्हणायचं! मी कचाकचा भांडले असते, मोकळी झाले असते. बोलले नाहीत, त्याचंच ओझं झालं.

पाचवीपासून बारावीपर्यंत सगळ्या घेतल्या. सगळ्या काचेच्या कपाटात उभ्या, प्लास्टिकच्या वेष्टणात, सील न फोडलेल्या. चौथी मिळाली की ओळीने ऐकू, म्हणाले. ताट वाढलेलं आहे, पण चौथा घास सापडत नाही म्हणून माणूस उपाशी. मी धूळ पुसताना कपाटाला टोमणे मारायचे. “काय गं बायांनो, आज तरी कोणी हात लावला का?” हे हसायचे. तेव्हा ऐकू येत होतं ना.

कान छापखान्याने खाल्ले. तिथे कानांवर लावायला गोल टोपणं दिलेली असायची, सगळे लावायचे, आमच्या ह्यांची मात्र खिळ्याला टांगलेली. कारण काय, तर मशीन बिघडायच्या आधी तिचा सूर बदलतो आणि टोपणं लावली की तो कळत नाही. सूर कळायचा, खरंच कळायचा. मालक खूश, मशीन खूश. कानांना कोणी विचारलं नाही.

आधी दारावरची बेल गेली. मग फोन. मग मी स्वयंपाकघरातून हाका मारून मारून घसा बसवायची आणि हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत मजेत. मला वाटायचं, सोंग आहे. नवऱ्यांना ऐकू न येण्याचा आजार असतोच. मग एक दिवस रेकॉर्ड लावून बसले होते, पहिलीच, हजारदा ऐकलेली, आणि मध्येच उठून प्लेअरजवळ गेले, वाकले, सुई बघितली, पुसली, परत ठेवली. पुन्हा उठले. “सुई गेली वाटतं,” म्हणाले. “वरचे सूर लागत नाहीयेत.” मला तर स्वच्छ ऐकू येत होतं. काजळ्या नेहमीसारखा गळा काढून ओरडत होता. दुसऱ्याच दिवशी ह्यांना डॉक्टरकडे नेलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण गोड बोलणाऱ्या नव्हत्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. नस वाळत चाललीय. परत येणार नाही. कानाला मशीन लावलं तर काही दिवस बोलणं कळेल, गाणं कळणार नाही. आणि मग आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्यांना जे ऐकायची इच्छा आहे ते आत्ता ऐकू दे. पुढच्यावर टाकू नका.”

घरी आल्या आल्या मी कपाट उघडलं, पाचवी काढली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली. “फोडा.”

“चौथी नाही अजून.”

“चौथी गेली खड्ड्यात! तुमचे कान चाललेत आणि तुम्ही नियम पाळताय? कोण बघायला येणारेय? काजळ्या वरून छडी घेऊन उतरणारेय का?”

ह्यांनी पाचवी उचलली, जागेवर ठेवली, कपाट लावलं. “थांबलो इतकी वर्षं,” एवढंच म्हणाले. गरीब माणसाचा हट्ट फार वाईट. रागीट माणसाशी भांडता तरी येतं.

लेकीला फोन केला. ती दूर राहते, पण हुशार आहे. तिने कुठून तरी चौथीची चोरलेली प्रत शोधून माझ्या फोनवर पाठवली. मी आनंदाने फोन ह्यांच्या कानाला लावला. दोन मिनिटं ऐकलं असेल, फोन परत दिला. “डब्यात कोंबून आणल्यासारखा वाटतो गं. त्याचा आवाज नाही हा.” आता डबा त्या फोनचा होता की ह्यांच्या कानांचा, देव जाणे. मी विचारलं नाही.

मग म्हटलं, आता आपणच पदर खोचावा. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला असते. कोटावरचा डाग आमच्याकडे पडला की तुमच्याच घरी पडला होता, ह्यावर तासभर वाद घालून गिऱ्हाईक हसत परत पाठवणारी बाई मी, मला एक रेकॉर्ड मिळू नये? रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “वहिनी, चौथी बाजारात येतच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच ती राहणार. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दोन आहेत. पण ते विकत नाहीत.” दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे दातवाल्याकडेच चणे निघाले.

दातवाल्याच्या दवाखान्यात गेले. बाहेर पेशंट गाल धरून बसलेले आणि भिंतीवर फ्रेममध्ये काजळ्या. डॉक्टर पन्नाशीचा, हात धुऊन बाहेर आला. मी सगळं सांगितलं, कानांचंही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मला पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुःख आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून आले असते.

“विकणार नाही,” म्हणाला. “अदलाबदल करीन. माझ्याकडे बारावी नाही. बारावी मिळाली तर चौथी देतो. पण सील फोडलेली नको.”

बारावी. शेवटचा कार्यक्रम. त्यानंतर काजळ्या कधी गायलाच नाही. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी ह्यांनी ती दोन्ही हातांत धरून घरी आणली होती, तान्हं मूल आणावं तशी.

“दुसरी कुठलीही घ्या ना,” मी म्हटलं. “आठवी घ्या, नववी घ्या.”

“बाकीच्या आहेत माझ्याकडे.” आणि मग जरा खाली बघून म्हणाला, “ताई, मीही बारावीसाठी अकरा ऐकून थांबलोय.”

घरी येताना रस्ताभर मी मनात आकडेमोड करत होते, आणि ती आकडेमोड करताना मला माझीच किळस येत होती. चौथी मिळाली तर ऐकणं सुरू होईल. नाहीतर एकही होणार नाही. आणि सुरू झालं तरी हे बारावीपर्यंत पोचणार कुठे? मग जी ऐकायला मिळणारच नाही ती कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?

ह्यांना समोर बसवलं, उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. हे काहीच बोलेनात. मला वाटलं, ऐकू आलं नाही. म्हणून मी ओरडून म्हणाले, “अहो, बारावीपर्यंत कान पुरणार आहेत का तुमचे?”

ते ऐकू आलं होतं. पहिलंही आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी साधं बघितलं, रागाने नाही. मग उठले, कपाट उघडलं, बारावी काढली. कपड्याने पुसली. वर्तमानपत्रात गुंडाळली, कोपरे असे दुमडले की छापखान्यातल्या माणसालाच जमावं. दोरी बांधली. माझ्या हातात दिली. “नीट धर,” म्हणाले, “वाकवू नकोस.”

दातवाला आठ दिवस कुठे बाहेरगावी गेला होता. ते आठ दिवस पुडकं टेबलावर पडून राहिलं, आणि त्या दिवसांत हे माझ्या बोलण्याला नुसती मान डोलवत होते. चहा हवा का? मान. बाहेर पाऊस आहे का? मान. माझ्या ओठांकडे टक लावून बघायचे. मला दिसत होतं हो, आंधळी नाही मी. पण मी म्हणत राहिले, चौथी येऊ दे, चौथी येऊ दे, शांत खोलीत, मोठा आवाज केला की येईल ऐकू. आशा बाईमाणसाला मूर्ख करते आणि पुरुषाला हट्टी, आमच्या घरात दोन्ही होतं.

चौथी आणली तो रविवार होता. दुपारी जेवणं उरकली, मी खिडक्या लावल्या. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मला हसू आलं आणि मी हसलेही. “नवरदेव,” म्हटलं, “चला बोहल्यावर.” ह्यांनी वेष्टण अंगठ्याच्या नखाने कापलं, रेकॉर्ड कडेला धरून बाहेर काढली, उजेडात तिरकी करून बघितली. किती वर्षांनी ह्यांचा चेहरा तसा बघितला मी! सुई ठेवली. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि खुर्चीत डोळे मिटून बसले.

अगं बाई! भिंती हलल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने ठोकायला सुरुवात केली. ठोकू दे, म्हटलं, आज ठोकू दे. मी दाराला टेकून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा काजळ्या नीट ऐकला. दोन गाण्यांच्या मध्ये तो खोकला. लोक हसले, त्यांना वाटलं नाटक आहे. तो पण हसला. आणि मग जे गायला, त्यात एका जागी आवाज चढता चढता फाटला, आणि त्या फाटक्या आवाजानेच त्याने ती ओळ पुरी केली. ह्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली! मला कळलं हो, आमच्या ह्यांना काय ऐकायचं होतं ते.

मी ह्यांच्याकडे बघितलं. खुर्चीच्या हातावर बोट ताल धरत होतं. चेहऱ्यावर समाधान. मला वाटलं, येतंय! येतंय ऐकू! देवा, तुझे पाय धरते. आणि मग मी ते बोट बघितलं. काजळ्या जोरात धावत होता आणि बोट संथ चाललं होतं. तो एकदम थांबला, सगळं शांत झालं, बोट चालूच. ते बोट भलत्याच कुठल्यातरी गाण्याला ताल धरत होतं, ह्यांच्या डोक्यातल्या.

बाजू संपली. सुई मधल्या गोलात फिरायला लागली, खर्र खर्र, खर्र खर्र. मी जाऊन ती उचलली, प्लेअर बंद केला. खालचा झाडूही थांबला. घरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ह्यांचे डोळे मिटलेलेच.

आणि मग हे बोलले, केवढ्या मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसे. “टाळ्या बघ गं किती! सोडत नाहीत त्याला लोक. थांबतच नाहीत.”

मी तिथेच, प्लेअरला धरून, मोठ्याने रडायला लागले. तोंडात पदर कोंबला नाही, न्हाणीघरात गेले नाही. ऐकणारं घरात कोण होतं?