गेटपाशी आलेला फोन

राउटरवरचा तुरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा जितेशच्या अंगठ्याखाली झाकला गेला आणि ईश्वरराव उगाचच खुर्चीतून अर्धवट उठले... जुना राउटर काढून नवा बसवायला आलेला हा माणूस, त्याला काय ठाऊक!

"काका, वायफायचं नाव, पासवर्ड नवीन टाकतोय. जुन्यावर बाहेरचे पण घुसतात. ॲपमध्ये बघा ना, रोज संध्याकाळी कोणतरी 'कौस्तुभ' येतोय, लगेच गायब."

"बाहेरचा नाही. मुलगा आहे माझा."

"मग वर नाही येत?"

काय सांगणार — बायकोच्या, नीलमच्या वर्षश्राद्धाला, चार नातेवाइकांसमोर, आपणच म्हणालो होतो, आई गेली, आता तुझं इथं काय राहिलंय... जिभेला हाड नसतं हेच खरं. तो उठून मीरा रोडला आपल्या घरी गेला, तो गेलाच. मग एका संध्याकाळी मोबाइलवर सूचना उमटली : 'कौस्तुभ' जोडला गेला. घर पहिल्या मजल्यावर, वायफाय गेटपर्यंत पोचतं. म्हणजे तो खाली उभा होता. तेव्हापासून रोज टीव्हीचा आवाज बारीक करून जिन्यावरच्या पावलांची वाट बघायची. पावलं येत नाहीत.

जुना राउटर बसवताना कौस्तुभनंच सांगितलं होतं — बाबा, मोबाइल वायफायच्या टप्प्यात आला की आधी आपलं नाव सांगतो, जागा मागतो. मग हा राउटर त्याला एक नंबर देतो, तोही थोड्या वेळापुरता. पुन्हा आला की पुन्हा मागायचं... फोनला बिचाऱ्याला मागायची लाज नाही. आम्हां बापलेकांना तेवढी आहे.

"नाव जुनंच ठेव. पासवर्डही."

"तुमची मर्जी, काका," म्हणत जितेशनं तसं करून दिलं आणि तो गेला.

दिवेलागणीला मोबाइल थरथरला. 'कौस्तुभ' जोडला गेला. ईश्वरराव सवयीनं रिमोटकडे वळले, आणि थबकले. वायफाय चालू ठेवलं म्हणजे दार उघडं ठेवलं, असंच समजत होतो की मी इतके दिवस... 'ये' एवढं एक अक्षर मात्र तोंडातून निघालं नव्हतं. नव्हे, त्यानं आधी यावं, मान खाली घालून यावं, म्हणून मुद्दाम गिळलं होतं.

ते दारापाशी गेले. कडीवर हात ठेवून उभे राहिले. छातीत कुठे तो जुना राग लागतो का, ते चाचपून पाहिलं — लागेना. भीती तेवढी होती, साधी, लहान मुलासारखी : आपण खाली उतरेपर्यंत तो निघून गेला तर...