धुक्यातली लपाछपी

मला थंडी आवडत नाही. लोकांसाठी ती हौस असते, माझी ती नोकरी आहे. मी कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. आत उणे वीस. मटार, मासे, आइस्क्रीमचे डबे यांना जे मानवतं ते माणसाला मानवत नाही, पण पगार मटारला मिळत नाही, मला मिळतो. आठवड्याचे सहा दिवस त्या गारठ्यात काढल्यावर रविवारी मला गॅलरीतली खुर्ची हवी असते, पाठीवर ऊन हवं असतं, आणि कोणी 'चला' म्हणायला नको असतं.

नेमका हिवाळा लागला की आमच्या घराला 'चला'चा झटका येतो. माझी बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आठवडाभर गाल धरून कण्हणारी माणसं बघून ती रविवारी अशी काही उसळते की विचारू नका. दवात अनवाणी चालणं, तोंडातली वाफ कोणाची लांब जाते याची शर्यत, सगळं तिच्याच डोक्यातून निघतं. त्यातला मानाचा खेळ म्हणजे धुक्यातली लपाछपी. कॉलनीच्या मागे मोठं मैदान आहे. लपायला एक झुडूप नाही, पण हिवाळ्यात सकाळी तिथे असं धुकं उतरतं की चार पावलं चाललं तरी माणूस गायब. निघताना ती प्रत्येकाच्या खिशात गरम उकडलेली अंडी घालते. खेळताना त्यांच्यावर हात शेकायचे आणि दमल्यावर तीच सोलून खायची. थोरली नऊ वर्षांची आहे, धाकटा पाच. दोघंही या रविवारांवर जीव टाकतात. मी मात्र कधी गेलो नव्हतो.

एका शनिवारी संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो. स्वयंपाकघरात तिघांची उद्याची खलबतं चालली होती.

"बाबांना पण नेऊया ना," धाकटा म्हणाला.

"नको रे," थोरली म्हणाली. "त्यांना विचारूच नकोस. ते नाही म्हणतात, मग उगाच आपल्याला वाईट वाटतं."

रडगाणं नाही, तक्रार नाही. बाहेर ऊन आहे, टोपी घाल, असं सांगावं तसा सूर. ती माझ्यावर चिडली असती तर मीही चिडलो असतो आणि विषय तिथेच मिटला असता. पण तिने मला विचारायचंच सोडून दिलं होतं, ते मात्र मला फार लागलं. मी तसाच उठून दारात जाऊन उभा राहिलो.

"उद्या मी येतोय."

बायकोने लसूण सोलता सोलता वर पाहिलं. "गादीसकट?"

थंडीसाठी पोरांना तयार करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. सकाळी मी सगळ्यांना बाजूला सारलं आणि कामाला लागलो. दोन-दोन पायमोजे, दोन स्वेटर, कानटोपी, वरून मफलर. धाकट्याचे हात अंगापासून लांबच राहिले.

"बाबा, मला नाक खाजवता येत नाही."

"ताई खाजवेल."

"अहो, आपण मैदानावर चाललोय," बायको म्हणाली, "तुमचे मटार उतरवायला नाही."

पहिलं राज्य माझ्यावर आलं. मी डोळे मिटून आकडे म्हटले आणि डोळे उघडले, तर समोर सगळं पांढरं. कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं की असाच पांढरा लोट बाहेर येतो. त्यात माणूस दिसेनासा झाला की आम्ही जे करतो, तेच मी सवयीने केलं. खणखणीत ओरडलो, "आवाज द्या!"

"ओ!" बायको कुठून तरी म्हणाली, आणि लगेच, "अहो, पण हे काय?"

"मी इथे," थोरली वैतागून म्हणाली.

धाकट्याचा आवाज नाही. मी पुन्हा हाक मारली. नाही. "खेळ बंद! सगळे जागेवर उभे राहा!" असं ओरडत मी धावत सुटलो आणि धाकट्यालाच अडखळून पडता पडता वाचलो. गुडघे पोटाशी घेऊन, हसू फुटू नये म्हणून तोंडावर दोन्ही हातमोजे दाबून तो बसला होता. मी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"हाक मारल्यावर ओ द्यायला काय होतं तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ थरथरले आणि मग त्याने जे भोकाड पसरलं, ते पार कॉलनीपर्यंत ऐकू गेलं असेल. थोरली धुक्यातून बाहेर आली.

"बाबा, लपाछपीत लपला म्हणून कोणी रागावतं का?"

मी सगळ्यांना घेऊन घराकडे वळलो. अंडी घरी आणून खाल्ली. ती थंड झाली होती.

दुपारी बायकोने विचारलं, "झालं काय होतं तुम्हाला?"

"आमच्याकडे आत हाक मारली आणि ओ आली नाही, तर त्याचा एकच अर्थ असतो," मी म्हणालो. "माणूस पडलाय."

"मग हे मला कशाला सांगताय? ज्याला रडवलंत, त्याला सांगा की."

खरं तर कामाचं मी घरी कधी बोलत नाही. घरात मला त्या गारठ्याचं नावसुद्धा नको असतं. पण त्या दिवशी पोरांना पलंगावर घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं. आत कोणी एकटं जात नाही, जोडीने जायचं. आपलं नाक, आपले कान आपल्याला दिसत नाहीत. ते गारठून पांढरे पडले तरी कळत नाही. म्हणून जोडीदाराने थोड्या थोड्या वेळाने आपलं तोंड नीट बघायचं आणि आपण त्याचं. पांढरं दिसलं की हातातलं काम टाकून बाहेर. माझ्या जोडीदाराचं तोंड मी इतकी वर्षं बघतोय की सकाळी तो बायकोशी भांडून आलाय की नाही, हेही मला त्याच्या मिशीवरून कळतं.

"आत माशांना थंडी वाजते का?" धाकट्याने विचारलं.

"त्यांची आता काही तक्रार नसते. आणि हे बघ, तू फार मस्त लपला होतास. मीच घाबरलो."

"तुम्ही घाबरता?" त्याला याचं इतकं अप्रूप वाटलं की तो सगळं विसरून माझ्या मांडीवर चढला. थोरली मात्र हनुवटी गुडघ्यांवर ठेवून ऐकत राहिली आणि उठून गेली.

पुढचा आठवडाभर मी वाट पाहिली. आपणहून येतो म्हणायची सोय नव्हती. एकदा तसा गेलो होतो, तेव्हा काय दिवे लावले ते सगळ्यांनी पाहिलं होतं. थोरलीने विचारलं तरच जायचं, आणि तिने विचारावं म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात मी दोनदा उगाचच खोकलो. बायको पातेल्यात तोंड घालून हसत होती. बाकी कोणी काही म्हणालं नाही. मी तोंड पाडून झोपलो.

सकाळी कोणीतरी रजई ओढली. डोळे उघडले तर हातात कानटोपी घेऊन थोरली उभी.

"आज जोडीने लपायचंय. आई आणि तो एक जोडी." मग ती फरशीकडे बघत म्हणाली, "मला जोडीदार नाहीये. येता का?"

मला दुसरा पायमोजाही सापडेना, इतकी माझी धांदल उडाली.

राज्य आईवर आणि धाकट्यावर आलं. आम्ही दोघं धावत सुटलो आणि मैदानाच्या कुठल्याशा टोकाला ओल्या गवतात समोरासमोर उकिडवे बसलो. सगळीकडे पांढरं. तेवढ्या जगात ती आणि मी.

"आता बघा," ती कुजबुजली.

"काय?"

"माझं तोंड. नियम आहे ना?"

मी बघितलं. नाक लालबुंद, म्हणजे ठीक. तिनेही पुढे वाकून माझं नाक तपासलं, टोपी वर करून दोन्ही कान तपासले. "पांढरं काही नाही. पण दाढी करायची ना, बाबा," ती म्हणाली आणि हसली. तिच्या समोरच्या दाताचा कोपराच नव्हता. तिरपा टवका उडालेला आणि कड घासून गुळगुळीत केलेली.

"हा दात कधी तुटला?"

"खूप दिवस झाले. आईच्या डॉक्टरांनी घासून दिला."

"मला नाही सांगितलंस ते?"

"सांगितलं की. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात."

एवढं बोलून ती माझी टोपी नीट करू लागली. मला माझीच लाज वाटली, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली. धुक्यातून धाकट्याची बडबड जवळ येत होती. आई त्याला गप्प करत होती आणि तो गप्प होत नव्हता.

"परत सांग," मी म्हणालो.

"आत्ता? त्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूच सुरुवात केली, तीही अगदी लांबून. शाळेतला नळ, त्यापुढची रांग, रांगेत कोण कोणाच्या मागे होतं, कोणी ढकललं, कोण 'मी नाही ढकललं' म्हणालं, पाणी पिताना स्टीलची बाटली दातावर कशी आदळली आणि तुटलेला तुकडा शोधायला अख्खा वर्ग कसा खाली वाकला. आधी ती कुजबुजत होती, मग तिचे हात हलायला लागले, मग आवाज चढला. पावलं आमच्याकडे वळली आणि धाकटा धुक्यातून थेट आमच्या अंगावर येऊन आदळला.

"सापडले! दोघंही सापडले! राज्य तुमच्यावर!"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब रे," ती म्हणाली. "मी बाबांना सांगतेय."