रंगाऱ्याची लेक आणि आतली गाळणी

रंगाऱ्याच्या लेकीचा चेहरा सुजला, तेव्हा घरात कोणी घाबरलं नाही. उलट आत्याबाई खूश. "बघ दादा, पोर कशी अंगाला लागली! माझ्या हातचं जेवण आहे ते."

दुसऱ्या सकाळी मात्र मोरीतून हाक आली, "बाबा, मला आतून रंग लागलाय!"

रंगाऱ्याने धावत जाऊन पाहिलं. लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस. अगदी तोच रंग त्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात मोठ्या पातेल्यात मुरत होता, आणि लेक दिवसभर त्याच्याच भोवती बागडायची. माझ्याच रंगाने माझ्या पोरीला खाल्लं! कोणाला न विचारता त्याने अख्खं पातेलं मोरीत ओतलं, लेकीला कडेवर घेतलं आणि दवाखान्याकडे धावत सुटला. आत्याबाई धापा टाकत मागोमाग. पोर चांगली घोडी झालेली, पाय बापाच्या गुडघ्यांवर आपटत होते.

"बाबा, मला चालता येतं."

"गप्प बस!"

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, तो वाढलेला. लघवीत रक्त निघालं. "मध्यंतरी हिचा घसा दुखत होता का?"

"झाले दोनतीन आठवडे," आत्याबाई पुटपुटल्या. "ताप उतरला नि पोर उड्या मारायला लागली. मग म्हटलं, कशाला त्या कडू गोळ्या?"

"गोळ्या पुऱ्या करायच्याच असतात. पुऱ्या केल्या तरी कधीकधी हे होतं, म्हणून जिवाला लावून घेऊ नका. पण काका, रंगावर आळ कशाला? शरीर घशातल्या जंतूंशी लढलं आणि त्या लढाईचा गाळ मूत्रपिंडात अडकला. तिथे सूज आली. तुम्ही रंग गाळता ना?"

"फडक्यातून. ते तुंबलं की पाणी वर साचतं."

"तेच पाणी हिच्या तोंडावर साचलंय."

रंगाऱ्याने लेकीला जवळ ओढलं. "फडकं बिघडलं की आम्ही फेकून देतो हो, बाई."

"हे देवाने विणलेलं आहे, बहुतेक मुलांमध्ये आपोआप साफ होतं. क्वचित एखाद्याचं अधू राहतं, म्हणून लक्ष ठेवायचं. मीठ बंद, पाणी मोजून. काही दिवस इथेच राहू दे."

मग काय, रोज सकाळी रंगारी लघवीची बाटली खिडकीशी धरून जाहीर करायचा, "आज विटकरी! आज मधासारखा!" परिचारिका तोंडाला पदर लावून हसायच्या. लेक लाजून चादरीत शिरायची. सूज ओसरली, तिचा नेहमीचा टोकदार चेहरा परत आला, आणि एकदा तो ओरडलाच, "स्वच्छ पिवळा! चला घरी!"

डॉक्टरीणबाईंनी बाटलीत कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला. "घरी जा खुशाल. पण डोळ्याला न दिसणारं रक्त अजून आहे, ते काही महिने रेंगाळतं. तपासायला येत राहा."

रंगाऱ्याने हात जोडले. "आपल्याला दिसत नाही असाही रंग आहे म्हणायचा. तो पाहणारा वर बसलेला निराळाच."

दर खेपेला पट्टी थोडी कमी रंगायची, आणि दर खेपेला बाप देवाचं नाव घ्यायचा. शेवटी एका सकाळी पट्टी बुडाली, बाहेर आली, आणि होती तशीच राहिली. रक्तदाबही जागेवर.

जन्मभर कापडावर रंग चढावा म्हणून धडपडलेला तो माणूस, रंग चढला नाही म्हणून दवाखान्यात सर्वांदेखत नाचला.