शनिवारचं तेल

जीपला कुणी नावं ठेवलेली सर्जेरावांना खपत नसत, आणि बायकोनं ठेवलेली तर मुळीच नाही. तरी सत्यशीलाबाईंनी दोन वर्षांपूर्वी तोंडावर सांगून टाकलं होतं, "ह्या धुडात मी नाय बसायची. खालून उखळात कुटल्यासारखं होतंय." सर्जेराव म्हणाले, "गाडी ठणठणीत हाय. तुझ्या कंबरंतच बिघाड हाय." मग डॉक्टर झाले, कंबरेचा पट्टा झाला. तेव्हापासून बाई पट्टा बांधून एसटीनं हिंडायच्या आणि जीपमधली शेजारची सीट रिकामी जायची.

उद्या गंगापूरला मेव्हण्याची वास्तुशांत होती. सगळ्या पाहुण्यांसमोर नवरा जीपनं आणि बायको एसटीनं, हे काही शोभणारं नव्हतं. खरं म्हणजे शोभेचं सोडा, शेजारी बोलायला बायको नसली की सर्जेरावांना रस्ता सरता सरत नसे. म्हणून सकाळीच त्यांनी पडेगावात बन्सीच्या गॅरेजात गाडी घातली आणि सीटखाली जाड फोम टाकायला सांगितला.

बन्सीनं फोमचं नावही काढलं नाही. गाडीखाली शिरून त्यानं मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा पहारीनं हलवून पाहिला आणि तिथूनच ओरडला, "मामा, फोम घालून काय करता? पाट्याच्या कडीतले रबरी बुश गेलेत समदे. लोखंडावर लोखंड आदळतंय."

"कसे जातील? दर शनिवारी तेल पाजतो मी त्यास्नी!"

हे खोटं नव्हतं. मारुतीला घालून उरलेलं करडईचं तेल सर्जेराव पाट्यांच्या टोकांना, कुरकुर यायची तिथं, धार धरून सोडत. कुरकुर दोन दिवस थांबे, आणि हे मिशीवरून हात फिरवत.

बन्सीनं गाडी जॅकवर उचलली, खाली ओंडके सरकवले. गंजलेला बोल्ट निघेपर्यंत दोन चहा झाले. बुश मात्र पाट्याच्या कडीत रुतून बसला होता. सर्जेरावांनी घण पुढं केला. "हाण दोन."

"हाणून कडी फाकली तर ह्या गाडीचा पाटा आणू कुठून? दम धरा."

त्यानं कडीच्या एका अंगाला रुंद पाइपाचा तुकडा टेकवला, आरपार लांब बोल्ट घातला, दुसऱ्या अंगाला वायसर लावला आणि नट आवळत गेला. दर पिळाला बुश गव्हाच्या दाण्याएवढा सरकायचा. शेवटी तो पाइपात उतरला. बन्सीनं काढून सर्जेरावांच्या हातावर ठेवला. वरची लोखंडी नळी शाबूत होती. आतलं रबर ओल्या गुळासारखं झालं होतं, आणि त्याला खवट करडईचा वास येत होता.

"तेलानं सडलंय, मामा. रबराला तेल म्हंजी इख. नवा बसवताना बी आमी साबणाचं पाणी लावतो."

सर्जेरावांचं तोंड एवढंसं झालं. करायला गेले गणपती आणि झालं माकड. वर बायकोच्या धडधाकट कंबरेवर आळ घेतला, याची त्यांना खरोखर लाज वाटली.

नवे बुश बसले. बोल्ट आवळायची घाई सर्जेरावांनाच होती, पण बन्सी म्हणाला, "गाडी आधी चाकांवर उभी राहू द्या. लटकती असताना आवळलं तर रबर पिळून जातंय." संध्याकाळी गाडी घराकडं निघाली, ती खड्ड्यांतूनही गुपचूप. फोम घातला म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण जुना बुश सर्जेरावांनी रुमालात बांधून आणला होता.

सत्यशीलाबाई उद्याच्या एसटीची पिशवी भरत होत्या. सर्जेरावांनी रुमाल त्यांच्यापुढं सोडला. "तुझ्या कंबरंचा दोष नव्हता. ह्याचा व्हता. आन् ह्याला मीच तेल घालून घालून सडवलं."

बाईंनी बुश नाकाशी नेला. "करडईचं?"

"व्हय."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"दोन वर्सं पट्टा आवळून फिरले मी. त्यातलं वाटीभर तेल माझ्या कंबरंला चोळावं, असं एक शनिवार बी वाटलं नाय तुमाला?"

बाई उठून आत गेल्या. येताना त्यांनी तेलाची बाटली आणली, नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडं पाठ करून पाटावर बसल्या.

"चोळा," त्या म्हणाल्या. "उद्या जीपनं जायचं का एसटीनं, ते मग सांगते."