पैसे न निघणारी बँक

बँक निवडणं हे बायकांचं काम नाही, असं वाइसाके भावोजींचं मत होतं. खरं तर बँकेत पैसे ठेवणं हे भावोजींचंही काम कधी नव्हतं. तरी पुतणीचं, उनाइसीचं, समुद्रापलीकडे सुवाच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागलं तसे ते धाकट्या भावाच्या ओसरीवर येऊन बसले ते हललेच नाहीत. मध्ये मुळं कुटून केलेल्या यंगोना पेयाचं भांडं, वाटी फिरतेय, घेणाऱ्याच्या टाळ्या पडताहेत, आणि जो येईल तो बँकांवर बोलतोय. ज्याने जन्मात पासबुक पाहिलं नाही तोही व्याजदरावर तावातावाने भांडत होता.

"जेट्टीवरच्या बँकेत उघडा," भावोजी म्हणाले. "माझा जावई तिथे खिडकीवर आहे. एक फोन टाकला की काम झालं."

"त्यापेक्षा बाजारातली बरी," करालाइनी आत्या म्हणाली. ती भावोजींची बहीण. "खातं उघडलं की छत्री देतात."

"छत्री कोणाला? पोरीला की तुला?"

"पोरीला कशाला ओझं? सुवात मिळतात छत्र्या."

सैनिमिली आतल्या दाराशी नारळ खवत ऐकत होती. तिचा नवरा सेमेसा सवयीप्रमाणे भांड्यात बघत होता. 'काम झालं' म्हणजे काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी थोरला केलेपी मेकॅनिकचा कोर्स करायला लाउतोकाला गेला, तेव्हा त्याचं खातं त्याच जेट्टीवरच्या बँकेत उघडलं होतं. आधी भावोजींच्या बोटीला पंखा हवा झाला. मग आत्याच्या नवऱ्याचा दात दुखला. मग चर्चला कर्णा हवा झाला. सगळ्यांनी फोनवर प्रेमाने मागितलं. नात्यातल्याने मागावं आणि नात्यातल्याने नाही म्हणू नये, यालाच केरेकेरे म्हणतात. नाही म्हणणाऱ्याबद्दल गावात बोलतात की तो दार लावून जेवतो. केलेपीने कोणाला नाही म्हटलं नाही. अर्ध्या वर्षात फी संपली आणि पोरगा गिटार घेऊन घरी आला. गिटार तेवढी उरली, कारण ती घरोघरी आधीच होती.

कोणी चोरी केली नव्हती, हेच सैनिमिलीला सलायचं. चोराची तक्रार तरी करता येते.

उनाइसीच्या फीसाठी तिने केवड्याच्या पानांच्या चटया विणून विकल्या होत्या. बोटांना चिरा पडल्या, पाठ वाकली, पण वर्षाची फी आणि हॉस्टेल जमलं. पुन्हा चटया विणायची ताकद तिच्यात नव्हती. हे पैसे गेले तर पोरगी परत येणार आणि इथेच नारळ खवणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून ती कोणाला न सांगता बस धरून शहरात, सावुसावुला गेली आणि चौकातल्या बँकेत शिरली. तिथे आपलं कोणी नाही अशी तिची माहिती होती. भिंतीवर एक विद्यार्थिनी दात दाखवून हसत होती. खिडकीतली मुलगीही तशीच हसली.

"आमचं विद्यार्थी खातं एकदम सोपं आहे, मावशी. फोनवरून पैसे काढता येतात. दिवसा, रात्री, कुठूनही."

"आणि कोणी मागितले तर?"

"एक बटण दाबायचं. लगेच पोचतात."

सैनिमिलीने विचारलं, "असं खातं नाही का, ज्यातून पैसे निघतच नाहीत?"

मुलगी विचारात पडली. अशी मागणी तिला शिकवलेली नव्हती. "मुदत ठेव आहे. पण काळजी करू नका, ती कधीही मोडता येते. अगदी सहज."

"फारच सोय आहे गं तुमच्याकडे," सैनिमिली म्हणाली.

"मावशी, तुम्ही कुठल्या गावच्या?"

सैनिमिलीने जीभ आवरायला हवी होती. पण विचारल्यावर गाव न सांगणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने गाव सांगितलं, मग घर, मग नवऱ्याचं नाव. मुलगी उठून उभी राहिली.

"म्हणजे वाइसाके तुमचे दीर? अहो, माझ्या आईचे ते आतेभाऊ. मग हे घरचंच झालं, मामी. मी आजच मामांना कळवते."

तिने खिडकीतून वाकून मामींच्या गालाला गाल लावला आणि चहा मागवला. सैनिमिलीने चहा प्यायला, कारण नाही म्हणता आलं नाही, आणि पैशांची पिशवी छातीशी धरून परत आली.

उनाइसीला न्यायला तिचा मामा इलियेसा सुवाहून आला. बस स्टँडजवळ त्याचं दुकान. त्याच्या चिकटपणाच्या गोष्टी या गावात पोराबाळांना सांगितल्या जात. बापाच्या दफनाला आला तेव्हा बिस्किटांचा एक डबा घेऊन आला आणि रिकामा डबा परत घेऊन गेला, ही त्यातली सगळ्यात लाडकी. या वेळी त्याने चक्क नवे काळे बूट घातले होते आणि ते ओसरीवरही काढले नाहीत, त्याचीच चर्चा सकाळभर चालली.

जेवणं झाली. पुरुष भांड्याभोवती बसले. भावोजींनी घसा साफ केला. "तर जेट्टीवरची बँक ठरली."

तेवढ्यात सैनिमिली उठली. ती कधी पुरुषांच्या घोळक्यात येत नसे, म्हणून फिरती वाटी थांबली. तिने आपली सगळ्यात मोठी चटई भावापुढे ठेवली. घडीत पैशांची पिशवी होती.

"दादा, माझ्या चटयांचे पैसे आहेत. ते मी तुला दिले. आता ते पोरीचे नाहीत आणि माझेही नाहीत. तुझे झाले."

इलियेसाने चटईला हात लावला, टाळ्या वाजवून ती स्वीकारली. सगळ्यांसमोर दिलेली भेट झाली ती.

"अगं वहिनी, आणि फी?" करालाइनी आत्याने विचारलं.

"फी मामा भरेल, वन्सं. भाचीने मामाच्या घरातलं हवं ते उचलावं, विचारायचीही गरज नाही, ही तर आपली रीत. भावोजींनी तरुणपणी आपल्या मामाचं डुक्कर नाही का उचलून आणलं? दर नाताळात सांगतात."

भावोजी दरवेळी ती गोष्ट अभिमानाने सांगत. आज त्यांना ती आठवेना. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि गोड आवाजात सुरुवात केली. "इलियेसा, आमच्या बोटीचा पंखा पुन्हा..."

"बहिणीची भेट त्याच दिवशी दुसऱ्याला दिली तर तिचा अपमान होतो, वाइसाकेराव," इलियेसा म्हणाला. "माझ्या हातून ते होणार नाही." आयुष्यभर ज्या स्वभावाला लोक हसले, त्याला आज धर्माचा आधार मिळाला होता. तो सुख लपवू शकला नाही.

भावोजींची नजर फिरत फिरत खांबाशी टेकलेल्या केलेपीवर थांबली.

"केलेपी, तो तुझाही मामाच ना रे?"

बहिणीचं जे लेकरू, त्याचा हक्क. सैनिमिलीने इतका विचार केला आणि आपल्याला दोन लेकरं आहेत हेच ती विसरली होती.

"ऊठ," भावोजी म्हणाले. "चटई उचल. पंखा काय, सगळ्यांच्याच कामाचा."

केलेपीने गिटार बाजूला ठेवली. थोरल्यांना नाही म्हणणं त्या पोराला कधी जमलंच नव्हतं. तो जाऊन मामापुढे बसला. इलियेसाने चटईवर दोन्ही हात ठेवले, पण त्या हातांचा आता उपयोग नव्हता. सैनिमिलीला ओरडावंसं वाटलं. पण दिराचा शब्द खोडायची रीत नव्हती.

केलेपीने चटईकडे पाहिलं. मग त्याची नजर मामाच्या पायांकडे गेली.

"मामा, हे बूट मी घेतले."

"बूट?" इलियेसाचा चेहरा पडला.

केलेपीने ते त्याच्या पायांतून ओढूनही काढले. ओसरी हसून हसून लोळली.

"अरे गाढवा, चटई म्हटलं मी."

"मोठे काका, एका बैठकीला दोनदा उचललं तर हावरट म्हणतील. तुम्हीच शिकवलंत. मामा पुन्हा आला की बघू."

"मग फोन करून माग."

"मामाचं फोनवर मागायचं नसतं, हाताने उचलायचं असतं. डुकराला काय फोन केला होतात?"

त्याच दुपारी जेट्टीवर इलियेसा अनवाणी पायांनी बोटीच्या तापलेल्या फळीवर नाचत, शिव्या देत चढला. चटई काखेत घट्ट होती. मागून उनाइसी. सैनिमिली रडत होती आणि ते लपवत नव्हती. शेजारी केलेपी मामाच्या बुटांत अवघडून उभा होता.

"चावतात?"

"फार."

"मग काढ ना, बाळा."

"बोट सुटू दे, आई. आत्ता काढले तर काका चटई उचलायला लावतील."

भोंगा झाला, दोर सुटले, बोट धक्क्यापासून दूर गेली. मागून वाइसाके भावोजींचा हात केलेपीच्या खांद्यावर पडला.

"रविवारी चर्चला जायला माझ्याकडे धड बूट नाहीत रे."

केलेपी खाली बसला आणि नाड्या सोडू लागला.